तुर्की शिकायची तर इंग्रजीचा वळसा कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: मातृभाषा मराठी, तुर्की शून्यापासून शिकायची आहे, हाताशी असलेली पुस्तकं इंग्रजीतली आहेत आणि चार धड्यांतच प्रत्ययांच्या जंजाळात अडकायला झालं. सुरुवात कुठून करावी, आणि ही भाषा खरंच इतकी अवघड आहे का?

तुर्की अवघड असल्याची ख्याती इंग्रजी बोलणाऱ्यांनी पसरवली आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या हिशोबाने तुर्कीत कामापुरती तयारी व्हायला सुमारे 1100 तास वर्गात बसावं लागतं. फ्रेंच-स्पॅनिशच्या जवळजवळ दुप्पट. पण हा हिशोब ज्यांच्या भाषेत क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं आणि ‘घरात’मधला ‘त’ शब्दाच्या आधी वेगळा लिहिला जातो, त्यांच्यासाठी केलेला आहे. मराठी माणसाच्या तोंडात तुर्की वाक्याचा सांगाडा आधीपासूनच आहे. इंग्रजीतून शिकलात तर तो सांगाडा आधी उलटा करायचा आणि मग पुन्हा सुलटा करायचा, असे दुहेरी कष्ट पडतात. म्हणून पहिला सल्ला: पुस्तक इंग्रजी असलं तरी वहीत प्रत्येक तुर्की वाक्याखाली मराठी वाक्य लिहा, तेही शब्दाखाली शब्द.

आधी लिपी. 1928 साली केमाल अतातुर्कांच्या सरकारने अरबी लिपी सोडून रोमन लिपीवर आधारलेली 29 अक्षरांची वर्णमाला कायद्याने आणली. त्यात 8 स्वर आणि 21 व्यंजनं आहेत. लिहिलं तसं वाचायचं, हा नियम ती जवळजवळ देवनागरीइतक्या इमानाने पाळते. काही अक्षरं मात्र इंग्रजीच्या सवयीने फसवतात. साधा ‘सी’ म्हणजे ज. खाली शेपटी असलेला ‘सी’ म्हणजे च, आणि तशीच शेपटी असलेला ‘एस’ म्हणजे श. हे च आणि ज नेहमी ‘चिंच’ आणि ‘जीवन’मधले, ‘चमचा’ आणि ‘जग’मधले कधीच नव्हेत. त आणि द आपलेच दंत्य, तिथे ट-ड आणू नका. डोक्यावर वाटी असलेल्या ‘जी’ला स्वतःचा आवाज नाही, तो आधीचा स्वर लांबवतो: डोंगर म्हणजे दाऽ.

खरं काम आहे ते स्वरांचं. आ, ए, ओ, उ, इ हे पाच ओळखीचे. यातला आ कायम पूर्ण आ असतो, आपला ऱ्हस्व अ तुर्कीत नाही. राजधानीचं नाव तिथे ‘आन्कारा’ असं उच्चारतात. उरलेले तीन स्वर नवे आहेत आणि ते ओठांनी शिकायचे असतात. ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करा, की दोन टिंबांचा उ मिळतो. तसाच ‘ए’ म्हणत ओठ गोल केले की दोन टिंबांचा ओ. तिसरा म्हणजे बिनटिंबाची इ: ‘ऊ’ म्हणताना जीभ असते तशीच मागे ठेवा आणि ओठ मात्र पसरवा. आरशासमोर रोज पाच मिनिटं, दहा दिवस. हे टाळणाऱ्यांचं पुढचं सगळं व्याकरण डळमळीत राहतं. कारण खाली सांगतो.

या उत्तरात देवनागरीतूनच लिहायचं असल्याने एक खूण ठरवून घेऊ. साधी इ आणि साधा उ ऱ्हस्व लिहितो. दीर्घ ई दिसली की ती बिनटिंबाची, दीर्घ ऊ म्हणजे दोन टिंबांचा उ, आणि ऑ म्हणजे दोन टिंबांचा ओ. इथे दीर्घ म्हणजे लांब उच्चार नाही, ती फक्त खूण आहे. ‘कीझ’ (मुलगी), ‘गून’ (दिवस), ‘गॉझ’ (डोळा) हे शब्द त्याप्रमाणे वाचा.

आता तुर्कीचा प्राण: स्वरमेळ. आठ स्वरांचे दोन गट आहेत. आ, ई, ओ, उ हे जिभेच्या मागच्या भागातले. ए, इ, ऑ, ऊ हे पुढचे. शब्दातला शेवटचा स्वर ज्या गटातला, प्रत्ययाचा स्वर त्याच गटातला लागतो. अनेकवचनाचा प्रत्यय लार किंवा लेर: कीझ्लार (मुली), योल्लार (रस्ते), पण एव्लेर (घरं), गॉझ्लेर (डोळे). काही प्रत्ययांना दोनऐवजी चार रूपं असतात, कारण तिथे ओठांचा गोलपणाही जुळावा लागतो. ‘माझा’ या अर्थाचा प्रत्यय घ्या: कीझीम (माझी मुलगी), एविम (माझं घर), योलुम (माझा रस्ता), गॉझूम (माझा डोळा). आ-ई नंतर ई, ए-इ नंतर इ, ओ-उ नंतर उ, ऑ-ऊ नंतर ऊ. नियम एवढाच. पण तो तक्त्यातून पाठ केला तर बोलताना कामाला येत नाही, कारण बोलताना तक्ता आठवायला सवड नसते. या चार शब्दांची चौकडी तोंडात बसवा आणि नवा शब्द भेटला की तो कोणत्या भावंडासारखा वागतो ते बघा. ज्याने ई आणि इ, उ आणि ऊ कानाने वेगळे केलेच नाहीत, त्याला प्रत्ययाचं कोणतं रूप लावायचं हे प्रत्येक वेळी अंदाजाने ठरवावं लागतं. डळमळीत राहतं म्हटलं ते यासाठी.

अपवाद थोडे आहेत. चालू काळातला ‘योर’ कधी बदलत नाही. बाहेरून आलेले काही शब्द आ असूनही पुढचा स्वर मागतात: तास म्हणजे सात (लिहिताना दोन आ), त्याचं अनेकवचन सात्लेर. असे शब्द भेटतील तसे लिहून ठेवा, यादी शोधत बसू नका.

व्यंजनांचीही एक जुळवाजुळव आहे. तुर्की शाळकरी मुलं ती ‘फीस्तीक्ची शाहाप’ म्हणजे ‘पिस्तेवाला शाहाप’ या दोन शब्दांतून लक्षात ठेवतात. फ, स, त, क, च, श, ह, प यांपैकी कशावर शब्द संपला, की पुढच्या प्रत्ययातला द चा त होतो: एव्दे (घरात), पण पार्क्ता (बागेत). उलट शब्दाच्या शेवटचे प, च, त, क स्वरासमोर बऱ्याचदा मऊ पडतात: किताप (पुस्तक), किताबी (ते पुस्तक, कर्म म्हणून); रेन्क, रेन्गि. एकच स्वर असलेले (एकाक्षरी) बरेच शब्द मात्र बदलत नाहीत.

आता गंमतीचा भाग, जो इंग्रजी पुस्तकं तीस पानं घेऊन समजावतात आणि मराठी माणसाला एका ओळीत कळतो. ‘बेनिम इचिन’ म्हणजे माझ्यासाठी. ‘बेनिम गिबि’ म्हणजे माझ्यासारखा, ‘बेनिम कादार’ म्हणजे माझ्याएवढा. ‘बेनिम’ म्हणजे माझा. आपण जसं ‘मी-साठी’ न म्हणता ‘माझ्यासाठी’ म्हणतो, तसंच तिथेही. ‘मासानीन आल्तीन्दा’ म्हणजे टेबलाच्या खाली. ‘एव्देकि’ म्हणजे घरातला आणि ‘एव्लेरिमिझ्देकिलेर’ म्हणजे आमच्या घरांतले. शब्द लांबलचक दिसतो, पण सोडवा: एव, लेर, इमिझ, दे, कि, लेर. घर, अनेकवचन, आमचं, आत, ला, अनेकवचन. ‘घरांतले’ म्हणताना आपणही हेच करतो, फक्त जोड इतके स्वच्छ दिसत नाहीत.

क्रियापदांत तर साम्य आणखी घट्ट आहे. ‘गिदिप गेल्दिम’ म्हणजे जाऊन आलो: इप म्हणजे आपलं ऊन. ‘गिदेर्केन’ म्हणजे जाताना. ‘ओकुदुउम किताप’ म्हणजे मी वाचलेलं पुस्तक, यात ‘जे’ नाही, ‘ते’ नाही. इंग्रजी भाषक इथे महिनोन्‌महिने अडखळतात. ‘म्हणून’ हा शब्द आपण म्हणणे या धातूपासून केला. तुर्कांनीही दे- म्हणजे म्हणणे या धातूपासून ‘दिये’ केला. ‘याऽमुर याआर दिये शेम्सिये आल्दीम’: पाऊस पडेल म्हणून छत्री घेतली. शब्दाला शब्द लागतो. चहाबिहा म्हणजे ‘चाय माय’ आणि पुस्तकबिस्तक म्हणजे ‘किताप मिताप’. आपण ब लावतो, ते म लावतात.

आणि ‘मिश’. या प्रत्ययापाशी परदेशी विद्यार्थी हमखास थबकतात. ‘गेल्दि’ म्हणजे आला, मी पाहिलं किंवा मला खात्री आहे. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे, किंवा आलेला दिसतोय. डोळ्यांदेखत घडलेलं आणि ऐकून किंवा खुणांवरून कळलेलं, असा हा भेद आहे. तुर्की परीकथा ‘बिर वार्मीश, बिर योक्मुश’ अशीच सुरू होते: एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. ‘म्हणे’ आणि ‘दिसतंय’ हे दोन शब्द मनात ठेवले तर मिश साधारण तुमच्याकडून चुकणार नाही.

काही ठिकाणी तुर्की मराठीपेक्षा सोपी आहे. लिंग नाही: ‘ओ’ म्हणजे तो, ती, ते सगळंच. भूतकाळात ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नाही. पुस्तक वाचलं काय आणि पोथी वाचली काय, ‘ओकुदुम’च. संख्येनंतर अनेकवचन लावायचं नसतं: ऊच किताप, तीन पुस्तक. आकडे तर फारच सरळ. एक ते नऊ, दहा ते नव्वद हे दशक, शंभर आणि हजार, अशा 20 शब्दांत 9,99,999 पर्यंत सगळे आकडे होतात. सदतीस-सत्तेचाळीसची भानगड नाही, ओतुझ येदि म्हणजे तीस सात.

मराठीमुळे होणाऱ्या चुकाही आहेत, आणि त्या इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाहीत. सगळ्यात मोठी ही: आपण ‘घरी आहे’ आणि ‘घरी जातो’ दोन्हीकडे ‘घरी’च म्हणतो, पुण्याला राहतो आणि पुण्यालाच जातो. तुर्कीत असणं आणि जाणं यांचे प्रत्यय वेगळे. ‘एव्देयिम’ म्हणजे घरी आहे, ‘एवे गिदियोरुम’ म्हणजे घरी जातोय. मराठी विद्यार्थी हमखास ‘एव्दे गिदियोरुम’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला तो घरातल्या घरात चालतोय असं वाटतं. प्रत्येक नवं क्रियापद त्याच्या विभक्तीसकट पाठ करा. कुत्र्याला घाबरतो, पण तुर्कीत कुत्र्यापासून: ‘कॉपेक्तेन कोर्कुयोरुम’. बसमध्ये चढलो, पण तुर्कीत बसला: ‘ओतोबूसे बिन्दिम’. धड्याला सुरुवात, त्याला विचार, मला सांग: इथे दोन्ही भाषा जुळतात.

दुसरी चूक ‘मला’ची. मला आवडतं, मला येतं, मला भूक लागली. तुर्कीत यांतल्या कशालाच ‘मला’ नाही. मला चहा आवडतो: ‘चायी सेवियोरुम’, चहा मी आवडून घेतो असं. मला तुर्की येते: ‘तूर्क्चे बिलियोरुम’. भूक लागली: ‘आजीक्तीम’. मला जायला हवं याचं मात्र वळण वेगळं: ‘गित्मेम लाझीम’, माझं जाणं गरजेचं.

तिसरी चूक जोडशब्दांत होते. घराचं दार म्हणजे ‘एविन कापीसी’: घराला ‘चं’ लागतो आणि दारालाही ‘त्याचं’ लागतं. आपण एकाच बाजूला खूण करतो, म्हणून ‘एविन कापी’ असं अर्धवट तोंडातून निघतं. दुसरी खूण विसरू नका.

चौथी चूक कर्माची. आपण ‘ला’ मुख्यतः सजीवांना लावतो: मुलाला बोलावलं, पुस्तक वाचलं. तुर्कीत प्रश्न सजीव-निर्जीवाचा नसतो, ठरावीक की कोणतंही, याचा असतो. ‘किताप ओकुयोरुम’ म्हणजे काहीतरी वाचतोय. ‘किताबी ओकुयोरुम’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक वाचतोय.

प्रश्नार्थक ‘मि’ आपल्या ‘का’सारखा शेवटी येतो: ‘गेल्दिन मि?’, आलास का? चालू काळात मात्र तो पुरुषाच्या प्रत्ययाआधी घुसतो: ‘गेलियोर मुसुन?’ शिवाय तो ज्या शब्दामागे उभा राहील त्या शब्दावर प्रश्न जातो: ‘सेन मि गेल्दिन?’ म्हणजे आलेला तूच का?

शब्दसंग्रहाची निम्मी भीती पहिल्याच आठवड्यात जाते. फारसी-अरबीतून दोन्ही भाषांनी उचललेले शब्द पुष्कळ आहेत: शेहिर, दून्या, हावा, साबुन, पेर्दे, मेय्दान, हेसाप, जेवाप, फार्क, फाय्दा. काही तर मुळात तिकडचेच इकडे आले. तोपची, मशालची यांतला ‘ची’ हा तुर्की प्रत्यय आहे आणि तो आजही तिथे रोज नवे शब्द घडवतो: चाय्जी (चहावाला), बालीक्ची (मासेवाला), सूत्चू (दूधवाला). पण अर्थ घसरलेले शब्द लक्षात ठेवा. बेक्यार म्हणजे अविवाहित, बेकार नव्हे. हाफ्ता म्हणजे आठवडा. मिसाफिर म्हणजे पाहुणा. हाझीर म्हणजे तयार. हाय्वान म्हणजे साधा प्राणी. पाझार म्हणजे बाजार आणि रविवारसुद्धा.

एकाच अर्थाचे दोन शब्द भेटले तर गोंधळू नका. 1932 मध्ये स्थापन झालेल्या तुर्की भाषा संस्थेने अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की शब्द घडवले. काही रुजले, काही जुन्यांच्या शेजारी नांदू लागले: शेहिर आणि केन्त, जेवाप आणि यानीत. आपल्याकडे सावरकरांच्या भाषाशुद्धीने दिनांक, महापौर दिले आणि तारीखही टिकली, तसंच हे. सुरुवातीला ओळखीचा जुना शब्द बोला आणि नवा ऐकून कळेल एवढं बघा.

क्रम असा ठेवा. पहिले दहा दिवस फक्त स्वर आणि मोठ्याने वाचन. अर्थ कळला नाही तरी चालेल. मग सहा विभक्ती आणि ‘वार-योक’, म्हणजे आहे-नाही, कारण तुर्कीतही ‘जवळ असणे’ असं वेगळं क्रियापद नाही: ‘पाराम योक’, माझे पैसे नाहीत. त्यानंतर वीस क्रियापदं चालू काळात आणि भूतकाळात, होकार-नकार-प्रश्न अशा तिन्ही रूपांत. इथे एक खाच आहे: धातू आ किंवा ए वर संपत असेल तर ‘योर’च्या आधी तो स्वर बदलतो. बाश्ला- चं बाश्लायोर होत नाही, बाश्लीयोर होतं. नकारातला मे-मा हाही असाच बदलतो: गेल्मियोर. नकारात आघात ‘मे’च्या आधी पडतो. ‘गेल्मे’चा पहिला भाग ठासून म्हटला तर ‘येऊ नकोस’, शेवटचा ठासून म्हटला तर ‘येणं’. ‘गेलिर’ (येतो, येत असतो) हा रीतिवाचक काळ त्यानंतर घ्या. त्यात एकाक्षरी धातूंपैकी 13 अपवाद आहेत आणि नेमके तेच रोज लागतात: गेल, आल, वेर, गॉर, बिल, बुल, ओल, काल, दुर, सान, वार, वुर, ऑल. मिश आणि ‘वाचलेलं’ची रूपं तिसऱ्या महिन्यात.

रोजच्या चाळीस मिनिटांतली पंधरा श्रुतलेखनाला द्या. भाषा लिहिल्याप्रमाणे बोलली जात असल्याने, कुठे चुकलं ते लिहिलेलं ताडून पाहताच कळतं: ई ऐवजी इ ऐकली, की ऊ ऐवजी उ. तुर्की सरकारच्या पाठबळाची युनुस एम्रे संस्था ऑनलाइन धडे देते, आवाजासाठी ते वापरा. तुर्की मालिका बघायच्या तर मूळ आवाजात आणि तुर्की उपशीर्षकांसह. डबिंगमध्ये शिकण्याजोगं काही उरत नाही. फोनवर तुर्की कळफलक पहिल्या दिवशीच बसवा. टिंबाची आणि बिनटिंबाची इ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, मोठ्या लिपीतही. टिंब चुकलं की शब्द शोधूनही सापडत नाही, आणि काही शब्दांची तर शिवी होते.

नाती आपल्यासारखीच काटेकोर आहेत, त्यामुळे ती मराठीतूनच पाठ करा: आम्जा काका, दायी मामा, हाला आत्या, तेय्झे मावशी, येन्गे वहिनी किंवा काकू. अनोळखी माणसालाही वयानुसार आबि (दादा), आब्ला (ताई), आम्जा किंवा तेय्झे म्हणतात. मोठ्यांशी आणि कार्यालयात ‘सिझ’, म्हणजे तुम्ही, आणि पहिल्या नावानंतर बेय (पुरुषाला) किंवा हानीम (बाईला). ‘सेन’वर यायची घाई तुम्ही करू नका, समोरचा म्हणेल तेव्हा. काम करत असलेल्या कुणाजवळूनही जाताना ‘कोलाय गेल्सिन’, काम सोपं जावो. स्वयंपाक करणाऱ्याला ‘एलिने साऽलीक’, तुझ्या हाताला आरोग्य. आजाऱ्याला ‘गेच्मिश ओल्सुन’, सरून जावो. निघणारा ‘होश्चा काल’ म्हणतो आणि मागे राहणारा ‘गूले गूले’. या दोघांची अदलाबदल ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.